लष्करी एआयच्या कामाला कर्मचाऱ्यांनी विरोध केला तर खरंच काही होतं का?

एका वाचक मुलीचा प्रश्न असा आहे: पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी चार वर्षं कॉम्प्युटर व्हिजनच्या टीममध्ये आहे. ड्रोनच्या व्हिडिओतून माणसं, वाहनं ओळखणारं मॉडेल आम्ही एका परदेशी ग्राहकासाठी बनवतोय. ते पुढे लष्कराकडे जाणार असल्याचं नुकतंच कानावर आलं. गूगल, मायक्रोसॉफ्टमधल्या लोकांनी अशा कामाविरुद्ध पत्रं लिहिली, राजीनामे दिले, काहींच्या नोकऱ्याही गेल्या. त्यातून हाती काय लागलं? आणि माझ्यासारख्या मुलीनं काय करावं?

तेवीस वर्षं मी याच कामात आहे. प्रतिमा ओळखणारी सॉफ्टवेअर लिहिली, टीम चालवल्या, सहा वर्षं कॅलिफोर्नियात काढली, आणि आता ग्राहकांशी होणाऱ्या करारांमधली ‘अंतिम वापरा’ची कलमं तपासते. त्यामुळे तुमची घालमेल मला कळते. माझं मत आधीच सांगते. विरोधानं फरक पडतो. पण आपण बनवतोय ती वस्तू नेमकी काय करते हे विरोध करणाऱ्यांना पक्कं ठाऊक असेल, आणि मागणी पुरी झाली की नाही हे पुढे कुणालाही तपासता येईल, तरच तो फरक टिकतो. कंपनीनं वेबसाइटवर टाकलेली तत्त्वं त्या मानानं फार लवकर झिजतात.

गूगलचं प्रकरण नीट पाहा, कारण त्यात दोन्ही गोष्टी दिसतात.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं एप्रिल २०१७ मध्ये ‘प्रोजेक्ट मेव्हन’ सुरू केला. तेव्हाचे उपसंरक्षणमंत्री रॉबर्ट वर्क यांच्या सहीनं तो निघाला. कारण साधं होतं. ड्रोन तासन्‌तास व्हिडिओ पाठवत होते आणि ते बघायला माणसं पुरत नव्हती. डोळ्यांत तेल घालून पडद्यावर नजर ठेवणारा विश्लेषक काही तासांनी थकतो, त्याच्या नजरेतून गोष्टी सुटतात. म्हणून व्हिडिओतल्या ३८ प्रकारच्या वस्तू यंत्रानं आपोआप ओळखाव्यात, हे पहिलं उद्दिष्ट ठरलं. हे काम ज्यांना मिळालं त्यांत गूगल होती. कंपनीतल्या बहुतेकांना याचा पत्ता नव्हता. मार्च २०१८ मध्ये बातमी फुटली.

कंपनीचं म्हणणं होतं की हा वापर हल्ल्यासाठी नाही, यंत्र फक्त माणसाच्या नजरेसमोर चित्रं आणून ठेवतं. एप्रिलमध्ये तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी सुंदर पिचाईंना पत्र लिहिलं. गूगलनं युद्धाच्या धंद्यात पडू नये, हे त्यातलं पहिलंच वाक्य. पुढे सह्या चार हजारांवर गेल्या. डझनभर लोकांनी राजीनामे दिले. कंत्राट ९० लाख डॉलरचं, म्हणजे किरकोळ आहे, असं कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं होतं. नंतर ज्या अंतर्गत ई-मेल बाहेर आल्या त्यांत आकडा दीड कोटीचा होता आणि पुढे तो २५ कोटी डॉलरपर्यंत जाईल अशी अपेक्षा होती. गूगल क्लाउडच्या (सर्व्हर आणि साठवण भाड्यानं देणाऱ्या शाखेच्या) एआय विभागातल्या तेव्हाच्या प्रमुख शास्त्रज्ञ फेइ-फेइ ली यांनी सहकाऱ्यांना लिहिलं होतं की या कंत्राटाबद्दल बोलताना ‘एआय’ हा शब्द काहीही करून टाळा. माझ्या मते पत्रापेक्षाही या गोष्टींनी लोकांचा विश्वास जास्त उडाला. कामाला विरोध असणं वेगळं. आपल्यापासून काम लपवलं गेलं, हे कळणं त्याहून जिव्हारी लागतं.

जूनच्या सुरुवातीला क्लाउडच्या प्रमुख डायन ग्रीन यांनी जाहीर केलं की २०१९ मध्ये मुदत संपली की हे कंत्राट पुढे चालवणार नाही. ७ जूनला पिचाईंनी कंपनीची एआय तत्त्वं प्रसिद्ध केली. शस्त्रं आणि आंतरराष्ट्रीय संकेत मोडणारी पाळत, ही दोन्ही कामं करणार नाही असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. त्याच ऑक्टोबरमध्ये संरक्षण खात्याच्या १,००० कोटी डॉलरच्या ‘जेडाय’ क्लाउड कंत्राटाच्या स्पर्धेतूनही गूगल बाहेर पडली. ही कामं आपल्या तत्त्वांत बसतील याची खात्री देता येत नाही, हे त्यामागचं एक कारण कंपनीनंच दिलं.

या सगळ्यात एक छोटी गोष्ट आहे, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. गूगलच्या नऊ अनुभवी इंजिनिअरांनी ‘एअर गॅप’ नावाची सुरक्षा व्यवस्था बांधायला नकार दिला. एका ग्राहकाचे सर्व्हर इतरांपासून भौतिकरीत्या वेगळे ठेवणं म्हणजे एअर गॅप. सरकारची अतिसंवेदनशील कामं मिळवायची तर ती असावी लागते. त्या नऊ जणांनी ना मोर्चा काढला ना घोषणा दिल्या. ज्या विटेवर पुढची भिंत उभी राहणार होती, ती वीट रचायला ते तयार झाले नाहीत. काम लांबणीवर पडलं. कंपनीत त्यांना ‘ग्रुप ऑफ नाइन’ म्हणू लागले आणि पुढच्या चळवळीला धीर आला तो बराचसा त्यांच्यामुळे. आपल्या हातातलं काम संपूर्ण व्यवस्थेत कुठे बसतं, हे त्यांना अचूक माहीत होतं. मी मघाशी ‘पक्कं ठाऊक’ म्हटलं ते हेच.

आता दुसरी बाजू. मेव्हन बंद पडलं नाही. पॅलँटिर या अमेरिकी डेटा-विश्लेषण कंपनीनं ते पुढे नेलं, आणि मे २०२४ मध्ये तिला ‘मेव्हन स्मार्ट सिस्टीम’साठी ४८ कोटी डॉलरचं कंत्राट मिळालं. गूगलनंही २०२१ मध्ये ॲमेझॉनसोबत इस्रायल सरकारचं १२० कोटी डॉलरचं ‘निंबस’ हे क्लाउड सेवेचं कंत्राट घेतलं. त्याविरुद्ध १६ एप्रिल २०२४ ला न्यू यॉर्क आणि सनीवेलच्या कार्यालयांत कर्मचाऱ्यांनी ठिय्या दिला. नऊ जणांना अटक झाली, दुसऱ्याच दिवशी २८ जणांना काढलं, आणि आंदोलकांच्या म्हणण्यानुसार हा आकडा पुढे पन्नासच्या घरात गेला. ज्या कंपनीनं २०१८ मध्ये ऐकून घेतलं, तिनंच सहा वर्षांनी पोलीस बोलावले. आणि ४ फेब्रुवारी २०२५ ला शस्त्रं आणि पाळत यांबद्दलचं वचन तत्त्वांमधून काढून टाकलं. ते काढायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. वचन एकतर्फी दिलं होतं, एकतर्फीच मागे घेतलं.

हे वाचून ‘मग उपयोग काय?’ असं तुम्हाला वाटेल. मलाही त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. २०१८ मध्ये मी कॅलिफोर्नियात होते. त्या पत्रावर सही केलेली एक मराठी मैत्रीण तेव्हा रात्र रात्र झोपली नव्हती. तिच्या व्हिसाचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. तरी मी असं म्हणेन की ती तत्त्वं टिकली नाहीत याचं कारण ती कशालाच बांधलेली नव्हती. कोणत्या कंत्राटाला ती लागू होतात हे कोण ठरवणार, कुणी मोडली तर कर्मचाऱ्यांना कसं कळणार, यांतलं काही लिहिलेलं नव्हतं. सात वर्षं टिकली, हेच मला जास्त वाटतं.

हा धडा नवा नाही. मला राहून राहून पोलरॉइडची आठवण येते. १९७० मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये पोलरॉइडमध्ये काम करणाऱ्या केन विल्यम्स आणि कॅरोलिन हंटर यांना दक्षिण आफ्रिकेतल्या ओळखपासचा एक नमुना कार्यालयात दिसला. झटपट फोटो काढायचं त्यांचं तंत्र वर्णद्वेषी सरकार कृष्णवर्णीयांच्या सक्तीच्या पासबुकांसाठी वापरत होतं. त्यांनी आवाज उठवला, बहिष्काराची हाक दिली. १९७१ मध्ये हंटरबाईंना काढलं. कंपनीनं मात्र त्याच सुमारास जाहीर केलं की दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला आपण विक्री करणार नाही. सहा वर्षं लोकांनी ते खरं मानलं. १९७७ मध्ये उघड झालं की तिथला वितरक गुपचूप सरकारला माल विकत होता. तेव्हा कुठे पोलरॉइड त्या देशातून बाहेर पडली. म्हणजे वचन होतं, पण वितरकाच्या गोदामात डोकावणारं कुणी नव्हतं. आज ‘वितरक’च्या जागी ‘इंटिग्रेटर’, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रणेत बसवून पुढे विकणारी मधली कंपनी, हा शब्द घाला. तुमच्या ‘परदेशी ग्राहका’ची गोष्ट तीच आहे.

याउलट मायक्रोसॉफ्टचं २०२५ मधलं प्रकरण पाहा. ४ एप्रिलला कंपनीच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात दोन तरुण इंजिनिअर मुलींनी मंचावरच्या वरिष्ठांना भर सभेत जाब विचारला. दोघींची नोकरी गेली. मे महिन्यात कंपनीनं सांगितलं की गाझात लोकांना लक्ष्य करण्यासाठी आपलं तंत्रज्ञान वापरलं गेल्याचा पुरावा सापडला नाही. सोबत हेही मान्य केलं की ग्राहक स्वतःच्या सर्व्हरवर काय करतो ते आपल्याला दिसत नाही. ऑगस्टमध्ये ‘द गार्डियन’नं बातमी दिली: इस्रायली लष्कराचं एक गुप्तचर युनिट पॅलेस्टिनी लोकांच्या फोन कॉलच्या ध्वनिफिती मोठ्या प्रमाणावर ॲझ्युर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेवर साठवत होतं, आणि तो साठा नेदरलँड्समधल्या डेटा सेंटरमध्ये होता. कर्मचाऱ्यांनी पुन्हा ठिय्या दिला, थेट कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांच्या कार्यालयात. पुन्हा काही जणांना काढलं. आणि २५ सप्टेंबरला स्मिथ यांनी जाहीर केलं की बातमीतल्या काही गोष्टींना पुष्टी देणारा पुरावा मिळाला आहे आणि त्या युनिटला दिल्या जाणाऱ्या ठरावीक सेवा बंद केल्या आहेत.

यात माझ्या कामाची गोष्ट अशी की सेवा बंद करायला कंपनीला नवं तत्त्व लिहावं लागलं नाही. सामान्य नागरिकांवर सरसकट पाळत ठेवण्यासाठी आमची सेवा वापरता येणार नाही, हे तिच्या नेहमीच्या अटींमध्ये आधीपासून होतं. कलम होतं, ठोस आरोप आला, आणि त्या आरोपाला साठवणुकीच्या नोंदींशी ताडून पाहता आलं. शिवाय आत माणसं ओरडत होती, म्हणून तपासणी टाळता आली नाही. यांतली एक गोष्ट नसती तर बाकीच्या लुळ्या पडल्या असत्या असं मला वाटतं. काढलेल्यांना कुणी परत घेतलं नाही. ती किंमत त्यांनीच मोजली, हे विसरून चालणार नाही.

आता माझा अनुभव. कंपनीचं नाव सांगत नाही.

तेलाच्या पाइपलाइनवर ड्रोनमधून नजर ठेवायचं काम होतं. कुणी बेकायदा खोदतंय का, गाडी उभी आहे का, वगैरे. लेबलिंग, म्हणजे यंत्राला शिकवण्यासाठी चित्रांतल्या वस्तूंना नावं देण्याचं काम, करणाऱ्या मुलामुलींना आम्ही एक मार्गदर्शिका दिली होती. त्यात चार वर्ग: खोदकाम यंत्र, वाहन, जनावर, व्यक्ती. सहा महिन्यांनी ग्राहकाकडून नवी मार्गदर्शिका आली. नाशिकची एक मुलगी तेव्हा संध्याकाळच्या पाळीत लेबलिंग करायची. ती माझ्या डेस्कपाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, यात जनावर काढून टाकलंय. आणि माणसाचे तीन केलेत. उभा, आडवा, घोळक्यात. पाइपलाइनला आडव्या माणसाचं काय करायचंय?”

मी ती फाइल दोनदा वाचली होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिच्या स्क्रीनवर ती फ्रेम उघडीच होती. रात्रीचं थर्मल चित्र, करडं. वरून दिसणारा बांध. त्याला लागून एक पांढुरका लांबट डाग, जेमतेम वीस पिक्सेलांचा. कुणी झोपलेलं असेल, दबा धरून असेल, राखणीला आलेला शेतकरी लवंडलेला असेल. तिनं चौकट ओढून ठेवली होती आणि वर्ग निवडायचा राहिला होता. तीन पर्याय पडद्यावर, आणि ‘सांगता येत नाही’ हा चौथा पर्याय नव्हताच. त्या एका गाळलेल्या पर्यायावर मी नंतर बराच विचार केला. लेबल करणाऱ्याला शंका नोंदवायची सोय नसेल तर यंत्र शंका शिकणार कुठून? ते प्रत्येक डागाला काहीतरी नाव देणारच.

आठवड्याभरात बदलाची दुसरी लेखी मागणी आली: ‘व्यक्ती’साठीचा उंबरठा ०.७ वरून ०.४ वर आणा. न जाणणाऱ्यांसाठी सांगते. यंत्र प्रत्येक चौकटीला खात्रीचा एक अंक देतं, आणि उंबरठ्याच्या वरच्या चौकटीच पुढे दाखवल्या जातात. उंबरठा खाली आणला की सुटणारी माणसं कमी होतात आणि नसलेली माणसं ‘दिसायला’ लागतात. हरवलेला गिर्यारोहक शोधायचा असेल तर तो खाली आणणं बरोबरच. दगडाला माणूस समजून बचावपथक गेलं तर दोन तास फुकट जातील, इतकंच. पण पुढच्या टोकाला बंदूक असेल तर तोच ०.४ भयंकर आहे. कोडमध्ये ही एका ओळीची दुरुस्ती. योग्य की अयोग्य, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं.

मॅनेजरना विचारलं तर “क्लायंट कॉन्फिडेन्शियल” एवढंच उत्तर. मग आम्ही अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. निषेध, धिक्कार असा एकही शब्द त्यात नव्हता. तीन प्रश्न होते: शेवटी हे कोण वापरणार? यंत्रानं ‘व्यक्ती’ म्हटल्यावर पुढे काय होतं आणि ते कोण ठरवतं? आणि यंत्र चुकलं तर ते आम्हाला कसं कळणार? अकरा जणांच्या टीममध्ये सहा जणांनी सह्या केल्या. सही न करणाऱ्यांपैकी एकाचा वाकडच्या फ्लॅटचा हप्ता नुकताच सुरू झाला होता. पत्राचा मसुदा मात्र त्यानंच सगळ्यात नीट सुधारून दिला.

सहा आठवड्यांनी कळलं की एका मध्यस्थ कंपनीमार्फत हे एका देशाच्या सीमा सुरक्षा यंत्रणेला जाणार आहे. आमच्या वरिष्ठांनाही ते पूर्ण माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग करारात दोन वाक्यं वाढली. या यंत्राच्या निकालावरून गोळीबार करायचा नाही, आणि वर्षातून एकदा वापराचा अहवाल मागायचा आमच्या कंपनीला हक्क राहील. चौथा पर्यायही आला, ‘अनिश्चित’. आमच्यापैकी दोघांना दुसऱ्या प्रोजेक्टवर जाऊ दिलं आणि त्यांच्या बढतीवर त्याचा परिणाम झाला नाही. मला तेव्हा वाटलं, जिंकलो.

वर्ष उलटलं. अहवाल आला नाही, कारण तो कुणी मागितलाच नाही. हक्क करारात होता, पण तो बजावायची जबाबदारी कुणाच्या नावावर नव्हती. मी दोनदा ई-मेल केली, दोन्ही वेळा ‘लीगलशी बोलतो’ असं उत्तर आलं. त्यानंतर मी कोड सोडून करारांच्या कामाकडे वळले. आज कुठल्याही कलमापुढे मी आधी हे पाहते की तारीख आणि जबाबदार माणसाचं पद लिहिलंय का. दोन्ही नसेल तर ते कलम मी नसल्यातच धरते.

तुमच्या मनात आणखी एक गोष्ट असणार, म्हणून बोलते. मी सातारची आहे. आमच्या जिल्ह्यात आपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक ‘मिलिटरी आपशिंगे’च म्हणतात, कारण तिथे घरटी कुणी ना कुणी फौजेत. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. असे प्रश्न विचारणं म्हणजे सैन्याच्या विरोधात जाणं, असं कुणी म्हणालं की मला मामा आठवतात. हातातल्या हत्याराची सर्वांत जास्त चौकशी फौजीच करतो. ते किती अंतरावर चुकतं, पावसात चालतं का, आपल्याच माणसाला तर लागणार नाही ना, हे त्याला माहीत असावंच लागतं. आपण बनवलेलं यंत्र कुठे चुकतं हे न सांगता त्याच्या हाती देणं, हा त्याच्याशीही अन्यायच आहे. हे काम आपल्याकडे वाढणार यात शंका नाही. जुलै २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयानं एआयवर आधारलेली ७५ उत्पादनं एकाच कार्यक्रमात सादर केली. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित शस्त्रांवरचा ठराव आला तेव्हा भारतानं विरोधात मत दिलं. सरकारच्या त्या भूमिकेबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, बाहेरून कुणी नियम घालून देईल याची वाट बघत बसता येणार नाही, एवढं त्यातून कळतं.

“शेवटी निर्णय माणूसच घेतो” हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. ते ऐकून समाधान मानू नका. त्या माणसाकडे वेळ किती असतो, ते विचारा. एप्रिल २०२४ मध्ये ‘प्लस नाइन सेव्हन टू’ या मासिकानं इस्रायलच्या ‘लॅव्हेंडर’ या यंत्रणेबद्दल लिहिलं. सहा गुप्तचर अधिकाऱ्यांच्या हवाल्यानं त्यात म्हटलं होतं की यंत्रानं सुचवलेल्या माणसाची खातरजमा करायला काही वेळा जेमतेम वीस सेकंद दिले जात. इस्रायली लष्करानं यंत्रानं माणसं लक्ष्य म्हणून ठरवल्याचं नाकारलं. त्या प्रकरणाचा निवाडा मी करत नाही, पण प्रश्न आपल्या कामाचा आहे. लेबल तपासताना मी स्वतः पाहिलंय, यंत्रानं आधीच चौकट ओढून नाव देऊन ठेवलं असेल तर माणूस बहुतेक वेळा ‘ओके’ दाबतो. कोरी फ्रेम दिली तर तोच माणूस थबकतो. वीस सेकंदांत ‘ओके’ दाबणाऱ्याला निर्णय घेणारा म्हणायला माझं मन धजत नाही.

आणि “आपण नाही केलं तर दुसरा कुणी करेलच.” मेव्हनच्या बाबतीत हे खरं ठरलं, मी वर लिहिलंच आहे. पण मधल्या काळात काय झालं तेही पाहा. त्या गदारोळानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, अमेरिकेच्या संरक्षण खात्याला स्वतःची एआयची नैतिक तत्त्वं जाहीर करावी लागली. जबाबदारी कुणाची ते ठरलेलं असावं, निर्णय कसा झाला ते मागे जाऊन तपासता यावं, गरज पडली तर यंत्रणा बंद करता यावी, असं त्यात आहे. ती कितपत पाळली जातात यावर वाद आहे. मात्र दुसरी कंपनी हे काम घेताना आता या प्रश्नांना सामोरी जाऊनच घेते. पहिल्यांनी निमूट केलं असतं तर ते विचारलेच गेले नसते.

आता तुम्ही काय करावं ते सांगते.

आधी माहिती गोळा करा, तीही तुमच्या रोजच्या कामातूनच. वर्गांच्या याद्या कधी बदलल्या, उंबरठा कुणी आणि का बदलायला सांगितला, चाचणीचा डेटा कुठल्या प्रदेशाचा आहे, निकाल कुठल्या फॉरमॅटमध्ये पुढे जातो. निकालासोबत अक्षांश-रेखांश जात असतील, तेही सेकंदासेकंदाला, तर तो अहवालासाठीचा डेटा नसतो. जे पाहायची तुम्हाला मुळातच परवानगी आहे तेवढंच पाहा. एकही फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. यावरून तुम्हाला काढणं कंपनीला अगदी सोपं जाईल, आणि मूळ प्रश्न बाजूला पडून तुमचीच चौकशी सुरू होईल. काम आपल्या संरक्षण दलांसाठी असेल तर १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदाही लागू होऊ शकतो. ती चेष्टा नाही.

मग लेखी विचारा, आणि एकटीनं विचारू नका. तीन जणांची सही एकटीच्या दहा ई-मेलपेक्षा वजनदार असते. “आमचा या प्रोजेक्टला विरोध आहे” असं लिहिलंत तर उत्तरादाखल सभा होईल, चहा होईल, भाषण होईल. “शेवटचा वापरकर्ता कोण, ते पंधरा दिवसांत लेखी कळवावं” असं लिहिलंत तर उत्तर येईल किंवा येणार नाही, आणि न येणं हेही उत्तरच आहे. मागण्या करारात बसतील अशा ठेवा: कोणत्या वापराला मनाई, अहवाल कोणत्या तारखेला, तो मागायची जबाबदारी कोणाची, आणि ज्याला हे काम पटत नाही त्याला दुसरीकडे जाण्याची मुभा. शेवटची मागणी मिळवणं सर्वांत सोपं असतं, तिथूनच सुरुवात करा.

कायद्याचा आधार किती, हे आधी एखाद्या कामगार वकिलाला दाखवून घ्या. आपल्याकडे देखरेखीचं किंवा व्यवस्थापनाचं काम करणाऱ्यांना कामगार कायद्यांचं संरक्षण सहसा मिळत नाही आणि आयटीत कोण कुठे बसतो यावर वाद होतात. अमेरिकेत पगार आणि कामाच्या परिस्थितीबद्दल एकत्र बोलायला संरक्षण आहे. कंपनीनं कुणाला माल विकावा याबद्दल बोलण्याला ते मिळेलच असं नाही, आणि तिथे नोकरीवरून काढायला कारणही लागत नाही. एच-वन-बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवसांत नवी शोधावी लागते, नाहीतर मुलांच्या शाळेसकट घर उचलावं लागतं. सिएटलला किंवा बे एरियात असलेले आपले किती तरी लोक गप्प असतात ते यामुळे, आणि त्यांना भित्रं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तुमच्या टीममध्येही असे लोक असतील. कुणाच्या घरी एकट्याचाच पगार असेल, कुणी नुकतंच प्रोबेशनवर लागलं असेल. त्यांना पत्र वाचायला द्या, चुका काढायला सांगा, पण सहीसाठी अडवू नका. आणि लेबलिंग करणाऱ्यांना, ते कंत्राटी असले तरी, बोलवून विचारा की त्यांना काय खटकलं. तुमच्या टीममध्ये ती फ्रेम सर्वांत जवळून त्यांनीच पाहिलेली असते.